हातात तांब्याची तार, शंभर फुटांखाली लेक ट्राउट

न्यूयॉर्क राज्यात सेनेका लेकवर जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे गेलात तर मोठ्या बोटींच्या गर्दीपासून जरा बाजूला एखादी छोटी अॅल्युमिनियमची होडी दिसते. तिच्यात काठी नसते, रीळ नसतं. बाजूच्या फळीवर बसलेला माणूस एक हात पाण्याकडे मागे नेतो, सावकाश पुढे ओढतो, क्षणभर थांबतो आणि पुन्हा मागे जाऊ देतो. तासन् तास हेच चाललेलं असतं. त्याच्या बोटांतून पाण्यात गेलेली तार उन्हात लालसर चमकते. ती तांब्याची तार. या कामाला इथले जुने लोक 'तांबं ओढणं' म्हणतात.

मी मालवणकडचा. लहानपणी काकांबरोबर होडीतून गरवायला जायचो, तेव्हा आमच्याकडेही काठी नव्हती. तंगूस (नायलॉनची दोरी), शिसं, गरी आणि हाताचं बोट, एवढंच. काका म्हणायचे, आधी तळ हाताला लागू दे, मग मासळीचं बघू. अमेरिकेत आल्यावर काही वर्षं काठी-रीळ घेऊन उन्हाळ्यात रिकाम्या हाताने परतलो. पहिल्यांदा तांब्याची तार हातात आली त्या दिवशी ते वाक्य आठवलं, आणि दुपारपर्यंत दोन मासेही मिळाले. न्यूयॉर्क, मिशिगन, ओंटारिओकडे राहणारे आणि गरवायची आवड असणारे बरेच मराठी लोक उन्हाळ्यात 'मासाच नाही' म्हणून गळ गुंडाळून ठेवतात. मासा असतो, फक्त खाली असतो. त्यांच्यासाठी मला जे हाताने शिकायला मिळालं ते इथे क्रमाने मांडतो.

मासा खाली का जातो

खोल विहिरीत सूर मारलेल्या कोणालाही हे ठाऊक असतं: वरचं पाणी कोमट, आणि थोडं खाली गेलं की एकदम गार. सरोवरात उन्हाळ्यात हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. वरचं पाणी उन्हाने तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. खालचं थंड, जड पाणी त्यात मिसळत नाही. दोहोंच्या मधल्या थरात काही फुटांच्या अंतरात तापमान झपाट्याने उतरतं. हा थर म्हणजे थर्मोक्लाइन. सेनेकासारख्या सरोवरात भर उन्हाळ्यात तो साधारण ४० ते ६० फुटांवर असतो, आणि जोराचा वारा काही दिवस एकाच दिशेने वाहिला की वर-खाली सरकतो.

लेक ट्राउटला ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० अंश सेल्सिअसच्या आसपासचं पाणी मानवतं. त्यामुळे मे महिन्यात किनाऱ्याजवळ सापडणारा हा मासा जुलैत थराखाली उतरतो आणि बहुतेकदा तळाला चिकटून राहतो. सेनेकाची सर्वांत जास्त खोली ६१८ फूट आहे, शेजारच्या कायुगा सरोवराची ४३५, क्युकाची सुमारे १८५. आपल्याला एवढं खोल जायचं नाही. ७० ते १३० फुटांचा तळ, तोही उताराचा, ही आपली जागा. हिमनद्यांनी कोरलेली ही सरोवरं लांब, अरुंद आणि कडेला एकदम खोल होत जाणारी आहेत. म्हणून किनाऱ्यावरची घरं स्पष्ट दिसत असतानाच होडीखाली शंभर फूट पाणी असतं.

शंभर फूट म्हणजे आपल्या कोळ्यांच्या भाषेत साधारण साडेसोळा वाव. उभ्या होडीतून शिसं सोडायचं तर साडेसोळा वाव काहीच नाही. अडचण होडी चालती ठेवायची म्हटली की सुरू होते. नायलॉनची तंगूस पाण्यापेक्षा जेमतेम जड असते, घनता सुमारे १.१४. होडी पुढे गेली की पाण्याचा रेटा तिला वर उचलतो. खाली ठेवायला भलंमोठं वजन लावावं लागतं, आणि वजन लावलं की चमचा, म्हणजे माशाला भुलवणारं पत्र्याचं आमिष, मोकळा नाचत नाही. वर नायलॉन ताणली जाते, त्यामुळे दोनशे फुटांवरची टकटक हातापर्यंत पोचेस्तोवर विरून जाते.

तांबं पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड. तारेची सगळी लांबीच वजनाचं काम करते, शिवाय ती बारीक असल्याने पाण्याला कमी अडते. वेगळं शिसं लागत नाही. आणि तार ताणली जात नाही, त्यामुळे खाली दगडाला चमचा लागला की तो दगड बोटाला कळतो. शिशाचा गाभा असलेली दोरीही मिळते, ती वळायला सोपी आहे. पण शिशाभोवतीच्या विणलेल्या वेष्टनामुळे ती जाड होते, त्यामुळे तेवढ्याच लांबीत तांब्याइतकी खोल जात नाही आणि हातालाही मऊ, मुकी लागते. तळ वाचायचा असेल तर तांबंच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

सामान

तार: हाताने ओढायची असेल तर एकेरी, मऊ, मासेमारीसाठीच विकली जाणारी तांब्याची तार घ्या. २० ते ३० पौंड ताकदीची तार पुरते. लांबी ३०० ते ४०० फूट. विजेच्या मोटारीत गुंडाळायची तार स्वस्त पडते म्हणून आणू नका. तिची ताकद माशाच्या हिसक्यासाठी पारखलेली नसते, आणि तुटते तेव्हा चमचा, तंगूस आणि तोंडात गळ अडकलेला मासा तिघेही जातात.

तार गुंडाळायला मोठ्या व्यासाचं लाकडी चाक सर्वांत चांगलं. बारीक रिळावर तार घट्ट वळते आणि सोडताना वेटोळी तशीच राहतात. जुन्या काळी लोकांनी चावी देऊन चालणाऱ्या व्हिक्ट्रोला ग्रामोफोनची यंत्रं काढून त्यांवर चाक बसवलं होतं. तार आत घेताना स्प्रिंग आपोआप ती गुंडाळून घ्यायची. अजूनही काही घरांत ती सांभाळून ठेवलेली सापडतात, आणि ती पाहताना मला घाण्यापासून रहाटापर्यंत आपल्याकडच्या जुन्या कारागिरांची आठवण येते, हाताशी असलेल्या वस्तूतून नवं अवजार काढणाऱ्यांची.

भिंगरी: तार आणि तंगूस यांच्यामध्ये चांगल्या प्रतीची छोटी, बॉल बेअरिंगवाली भिंगरी, म्हणजे दोन्ही बाजूंचे डोळे स्वतंत्र फिरू देणारी जोडकडी. इथे पैसे वाचवू नका. चमचा दिवसभर फिरतो. भिंगरी अडली तर पीळ तारेत चढतो आणि तारेला गाठीसारखी मोड पडते.

पुढची तंगूस: १५ ते २० फूट, १२ ते १५ पौंडांची. पाणी फार स्वच्छ असेल तर पाण्यात कमी दिसणारी फ्लुरोकार्बनची तंगूस. झेब्रा आणि क्वागा शिंपल्या या सरोवरांत शिरल्यापासून त्या पाणी गाळून काढतात, आणि पाणी पूर्वीपेक्षा खूप नितळ झालं आहे. माशाला तार दिसू नये म्हणून ही लांबी लागते.

चमचा: पातळ पत्र्याचा, चार ते सहा इंच लांब. पातळ हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. जाड चमचा दगडासारखा खाली पडतो, पातळ चमचा वाळलेल्या पानासारखा हेलकावे खात उतरतो, आणि लेक ट्राउट बहुतेक वेळा त्याच हेलकाव्यावर येतो. कॅनंडेग्वा लेकच्या दक्षिणेला नेपल्स नावाचं गाव आहे, तिथले सटन कंपनीचे चंदेरी चमचे या भागात पिढ्यान् पिढ्या वापरले गेले. जुन्या सामानाच्या बाजारात मिळाले तर घ्या. नवीन पातळ चमचेही उत्तम चालतात. चंदेरी, चंदेरी-तांबूस आणि एखादा हिरवट, एवढे तीन पुरे.

याशिवाय चामड्याचा पातळ हातमोजा किंवा बोटांना गुंडाळायची चिकटपट्टी, लांब दांड्याची जाळी, खोली दाखवणारं सोनार, आणि तार टाकायला एक रुंद, उथळ प्लास्टिकचं टब.

जोडणी

तार भिंगरीच्या डोळ्यातून दोनदा ओवा. मोकळं टोक मुख्य तारेवर आठ-दहा वेढे असे गुंडाळा की एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसतील. उरलेलं टोक पक्कडीने कापू नका. ते मागे-पुढे वाकवत राहा, वेढ्याच्या अगदी जवळ आपोआप तुटेल. कापलेल्या टोकाला धार राहते आणि ती हाताला लागतेच, आज नाही तर उद्या. तुटलेलं टोक गुळगुळीत बसतं.

याच गोष्टीत तांब्याचा स्वभाव दिसतो. ते मऊ आहे, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकलं की कडक होतं आणि तुटतं. टोक तोडताना हा गुण उपयोगी पडतो, बाकी सगळ्या लांबीत तोच घातक. तारेला कुठे तीव्र मोड पडली तर ती सरळ करून 'चालेल' म्हणू नका. तेवढा तुकडा काढा आणि तार पुन्हा जोडा. मी एकदा अशी मोड बोटाने दाबून सरळ केली होती. त्या दिवसातला सगळ्यात मोठा मासा होडीपासून पन्नास फुटांवर असताना तार नेमकी तिथेच गेली. तो मासा तोंडात चमचा आणि मागे तुटलेली तार घेऊन खाली गेला, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी प्रत्येक खेपेआधी सगळी तार बोटांमधून फिरवून बघतो.

भिंगरीच्या दुसऱ्या डोळ्याला तंगूस, तंगुशीच्या टोकाला छोटी कडी, कडीत चमचा. झालं.

तार सोडणं

होडीचा वेग ताशी एक ते दीड मैल ठेवा, माणूस रमतगमत चालतो त्याहूनही कमी. वारा जास्त ढकलत असेल तर पाण्यातली कापडी छत्री मागे सोडा. इंजिनचा आवाज बारीक पण चालू.

आधी चमचा होडीच्या बाजूला दोन फूट पाण्यात धरून बघा. तो डुलतोय की गरगर फिरतोय? गरगर फिरत असेल तर वेग कमी करा किंवा चमचा किंचित वाकवा. मग तंगूस सोडा, मग तार. तार सोडताना ती सतत ताणात असली पाहिजे. बोटांतून घसरू द्या, टाकू नका. एकदम पन्नास फूट ढील दिली तर तार खाली स्वतःवरच वेटोळी पडते, आणि पुढे ताण आला की प्रत्येक वेटोळ्याची मोड होते. घाई करणाऱ्याची पहिली सकाळ नेहमी इथेच वाया जाते.

तारेवर दर ५० फुटांवर रंगीत दोऱ्याची खूण बांधून ठेवलेली असली की किती बाहेर गेली ते कळतं. ९० फुटांच्या तळासाठी अडीचशे-तीनशे फूट बाहेर जाईल, वेगानुसार कमी-जास्त. पण हाताने ओढताना हिशेबापेक्षा हातावर विश्वास ठेवा. सोडत राहा, आणि दर दहा फुटांनी थांबून एकदा पुढे ओढून मागे जाऊ द्या. कधीतरी परत जाणारी तार हलकी होईल आणि एक बारीकशी 'टक' येईल. तो तळ.

ओढायची लय

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण बाकी सगळं विकत मिळतं, हे मिळत नाही.

होडीच्या बाजूला तोंड करून बसा. तार धरलेला हात मागे, पाण्याकडे. तिथून खांद्यातून सावकाश पुढे ओढा, तीन-चार फूट. मनगटाचा झटका नको. पुढे आलात की क्षणभर थांबा. मग हात तारेच्या ओढीने मागे जाऊ द्या, पण तारेच्या बरोबरीने, तिच्या पुढे नाही. ओढताना चमचा तळावरून उडी मारतो, थांबल्यावर पुढे तरंगतो, हात मागे जाताना हेलकावे खात खाली बसतो. जखमी छोट्या माशासारखं.

दर तिसऱ्या-चौथ्या ओढीला तळ लागला पाहिजे. सतत लागत असेल तर दहा फूट तार आत घ्या, नाहीतर चमच्याला गवत अडकेल किंवा तो दगडात बसेल. पाच-सहा ओढींत एकदाही लागला नाही तर दहा फूट सोडा. उतारावर होडी खोल पाण्याकडे चालली असेल तर हे सतत करावं लागतं. म्हणून मी उताराला समांतर, एकाच खोलीची रेषा धरून चालतो, आणि सोनारवर माशांच्या खुणा तळाला चिकटलेल्या दिसल्या की तीच रेषा पुन्हा पुन्हा फिरतो.

हळूहळू तळाची भाषा कळायला लागते. गाळ असेल तर 'टक' येत नाही, तार नुसती सैल होते, जणू कोणी खाली उशी ठेवली आहे. खडी असेल तर कोरडी टकटक. शिंपल्यांचा थर असेल तर खरखर, खरवडल्यासारखी. गाळ संपून खडी लागते ती सीमा लक्षात ठेवा, जीपीएसवर खूण करा. मासे अशा सीमेवर मला वारंवार मिळाले आहेत. मालवणात काका खडप आणि वाळू यांच्या कडेला शिसं टाकायचे, आणि कारण विचारलं तर म्हणायचे, मासळीलाही उंबऱ्यावर बसायला आवडतं.

सुरुवातीचा एक दिवस तरी तीस-चाळीस फुटांत सराव करा. तिथे तळ लवकर लागतो आणि हाताला कळतं की काय शोधायचं आहे. मासा मिळाला नाही तरी चालेल.

मासा लागल्यावर

लेक ट्राउटचा घाव नेहमी जोराचा नसतो. बऱ्याचदा हात मागे जायला हवा तेव्हा तार जात नाही, किंवा ओढताना वाटतं की ओली गोणी उचलतोय. तेव्हा जी ओढ चालू आहे तीच पुढे नेत राहा, जरा जोराने. तार ताणली जात नसल्यामुळे गळ लगेच बसतो. काठीवर सवय असलेले लोक जोराचा झटका देतात, आणि त्या झटक्यात माशाचं तोंड फाटतं.

इंजिन बंद करू नका. होडी पुढे चालू असते म्हणून तार ताठ राहते. मग एकामागून एक हाताने तार आत घ्या, आणि प्रत्येक हाताची तार टबमध्ये सैल, मोठ्या वेढ्यांत पडू द्या. त्या वेढ्यांत पाय जाता कामा नये. आणि हा नियम कधीच मोडू नका: तार हाताभोवती किंवा बोटाभोवती गुंडाळायची नाही. मासा पळाला तर तार बोटांमधून घसरू शकली पाहिजे. गुंडाळलेली तार पाच पौंडांच्या माशानेसुद्धा बोटात रुतवली आहे. मासा खाली धावला तर जाऊ द्या, हलका दाब ठेवा, थकला की पुन्हा घ्या.

थोड्या वेळाने होडीच्या मागे बुडबुडे येताना दिसतील. लेक ट्राउट पोटातल्या पिशवीतली हवा तोंडावाटे सोडू शकतो, खोल पाण्यातून वर येताना तो तेच करतो. बुडबुडे दिसले की मासा जवळ आला. भिंगरी हातात आली की पुढचे पंधरा-वीस फूट तंगुशीचे, आणि ती तारेपेक्षा नाजूक, म्हणून इथे हात आणखी मऊ करा. जाळी आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा डोक्याकडून तिच्यात येऊ द्या. शेपटीकडून जाळी लावली की तो पुढे उसळी मारतो.

बहुतेक मासे तीन ते आठ पौंडांचे असतात. दहाच्या वरचा मिळाला तर तो दिवस लक्षात राहतो.

काठी आणि रिळावर तांबं

हाताने ओढणं सगळ्यांना जमणार नाही, खांदा दुखतो, आणि एका माणसाला एकच तार सांभाळता येते. सॅल्मनसाठी लेक ओंटारिओ किंवा लेक मिशिगनवर जाणारे लोक तांबं काठीवर लावतात. तिथे पद्धत वेगळी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

इथे वापरतात ती तार अनेक बारीक धाग्यांची पिळलेली असते, सर्वांत प्रचलित ४५ पौंडांची. रिळात आधी ५० ते ६५ पौंडांची विणलेली दोरी, मग ठराविक लांबीचं तांबं, मग २० ते ३० फूट फ्लुरोकार्बन. म्हणजे सगळं तांबं बाहेर गेलं की खोली ठरली. ताशी दोन ते अडीच मैल वेगाला ४५ पौंडी तांबं दर शंभर फुटांमागे साधारण २० ते २५ फूट खाली जातं. २०० फूट तांब्याने ४०-५० फूट, ३०० फुटांनी साठ-सत्तर. म्हणून लोक वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याची वेगवेगळी रिळं ठेवतात. वेग वाढला की तांबं वर येतं, कमी झाला की खाली बसतं. वळण घेताना आतल्या बाजूची तार हळू होते आणि खोल जाते, बाहेरच्या बाजूची वर उचलली जाते. वळणावर कोणत्या बाजूला मासा लागला ते बघा, त्यावरून वर जायचं की खाली ते कळतं.

रीळ मोठ्या क्षमतेचं हवं. सोडताना अंगठा कायम रिळावर; एकदा रीळ मोकळं धावलं की तारेचं घरटं होतं आणि ते बहुतेक वेळा कापूनच काढावं लागतं. होडीपासून दूर नेणारी फळी लावत असाल तर ती मागच्या दोरीवर लावा, तांब्यावर कधीच नाही, चिमट्यात तार चेपते.

जड गोळा सोडणारं डाउनरिगर नेमकी खोली देतं हे खरं. पण त्याची तार पाण्यात गुणगुणते, आणि गोळा होडीच्या अगदी खाली असतो. नितळ पाण्यात, शांत दिवशी, दूर मागे निमूट चालणारं तांबं जास्त मासे देतं असा माझा अनुभव आहे. गढूळ पाण्यात आणि खवळलेल्या दिवशी मी डाउनरिगरवाल्याच्या होडीत आनंदाने बसेन.

वारा, नियम आणि बाकी खबरदारी

सेनेका उत्तर-दक्षिण सुमारे ३८ मैल लांब आहे. वारा या दिशेने वाहायला लागला की दुपारी लाटा समुद्रासारख्या उठतात, फरक एवढाच की त्या जवळजवळ येतात. चौदा फुटांच्या होडीला हे झेपत नाही. मी पहाटे निघतो आणि पांढरे फेस दिसायला लागले की परततो, मासे लागत असले तरी. लाइफ जॅकेट अंगात हवं, फळीखाली नाही. न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांपेक्षा लहान होडीत ते घालणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि खरं तर त्या पाण्याचं तापमान बघता कायदा नसता तरी घातलं पाहिजे. ढग गडगडले तर लगेच किनारा गाठा. तुम्ही होडीत आहात आणि हातात शंभर यार्ड तांब्याची तार आहे.

१६ वर्षं आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाला परवाना लागतो. किती मासे ठेवता येतात आणि किमान लांबी किती, हे सरोवरागणिक वेगळं असतं आणि बदलतं, म्हणून दर वर्षी राज्याच्या पर्यावरण संवर्धन विभागाची नियमावली बघा. एका सरोवरातून दुसऱ्यात होडी नेण्याआधी ती धुवा, पाणी काढा, वाळवा. शिंपल्या अशाच पसरल्या.

ठेवायचा की सोडायचा

लेक ट्राउट सावकाश वाढतो आणि वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. न्यूयॉर्कमध्ये माशांच्या पैदाशीचा इतिहास मोठा आहे. रोचेस्टरजवळच्या कॅलेडोनिया इथे सेथ ग्रीन यांनी १८६४ मध्ये मत्स्यबीज केंद्र सुरू केलं. एका मुख्य दोरीवरून अनेक आखूड दोऱ्या सोडून वेगवेगळ्या खोलीवर चमचे ओढायची एक पद्धत या सरोवरांवर अजूनही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या सरोवरांत मत्स्यबीज सोडलं गेलं आहे. तरीही मोठा, जुना मासा मी सोडतो.

सोडायचा असेल तर वेळ महत्त्वाचा. हवेची अडचण तो स्वतः सोडवतो, पण वरचं सत्तर-पंचाहत्तर अंश फॅरनहाइटचं पाणी त्याला मारतं. गळ पाण्यातच काढा, फोटोसाठी मिनिटभर हवेत धरू नका, आणि डोकं खाली करून जोराने सरळ पाण्यात सोडा म्हणजे तो थंड थरापर्यंत लगेच पोचेल. ऑगस्टच्या कडक उन्हात दोन मासे ठेवायचे ठरले असतील तर दोन झाल्यावर गरवणं थांबवा. नुसती मजा म्हणून आणखी दहा वर आणून सोडणं बरोबर नाही, त्यातले काही जगत नाहीत.

ठेवलेला मासा लगेच रक्त काढून बर्फात. मांस तेलकट आणि फिक्या केशरी रंगाचं असतं. पीसीबीसारखी रसायनं या चरबीतच साठतात, आणि जितका मासा मोठा तितकी जास्त. राज्याचा आरोग्य विभाग सरोवरागणिक किती खावं हे सांगतो, विशेषतः मुलांना आणि गरोदर बायकांना. ते वाचूनच घरी न्या. कातडी, पोटाकडची चरबी आणि दोन्ही बाजूंवरची काळपट रेघ काढून टाका. मध्यम आकाराच्या माशाच्या उरलेल्या तुकड्या आमच्याकडे बांगड्यासारख्या करतात: ओल्या खोबऱ्याचं वाटण, आमसुलं, आणि ठेचलेली तिरफळं. तेलकट माशाला तिरफळाचा वास जो उठाव देतो तो इथल्या लिंबू-बटरला येत नाही.

तारेची निगा

घरी आल्यावर तार कोरड्या फडक्यातून ओढत चाकावर घ्या. ती काळी पडेल. पडू द्या, माशाला त्याचं काही नाही आणि ताकदही कमी होत नाही. हिरवट डाग दिसायला लागले तर ओली गुंडाळली गेली असं समजा. दर तीन-चार खेपांनी भिंगरीजवळची दोन फूट तार काढून जोड नव्याने करा, कारण सगळ्यात जास्त वाकणं तिथेच होतं. आणि हंगाम संपल्यावर ती सगळी एकदा अंगणात सरळ सोडून बघा. माझ्या गेल्या वर्षीच्या ३५० फुटांतून पाच मोडी निघाल्या आणि आता ३१० फूट उरली आहे. तेवढ्यावर ९० फुटांचा तळ अजून नीट लागतो.